सोडा, शून्य आणि पन्नास हार

ग्वाल्हेरच्या फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी उभं राहिलं की आधी मनात येतो जून 1858. राणी धारातीर्थी पडली आणि लगेच, 20 जूनला, किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. तो किल्ला म्हणजे जवळजवळ 3 किलोमीटर लांबीचा, शहरापासून सुमारे 300 फूट उंच उठलेला खडक. त्यावरचं सर्वांत उंच देऊळ ‘तेली का मंदिर’. उंची 80 फुटांच्या वर, म्हणजे आजची आठमजली इमारत. बांधकाम आठव्या-नवव्या शतकातलं.

त्याचं छप्परही जगावेगळं. उत्तर भारतातल्या देवळांची शिखरं वर निमुळती होत जातात. हे मात्र बैलगाडीवर ताडपत्रीची कमान टाकावी तसं लांबट आणि गोलाकार आहे. अशा ऐसपैस, जाड भिंतींच्या इमारतीवर फौजेची नजर गेली नसती तरच नवल! फ्रेंच राज्यक्रांतीनंतर युरोपातल्या कित्येक मध्ययुगीन चर्चांमध्ये गवताच्या गंजी रचल्या गेल्या. इथे गोऱ्या शिपायांसाठी सोडावॉटरचा कारखाना आणि कॉफीचं दुकान थाटलं गेलं, असं सांगतात. मग 1881 ते 1883 दरम्यान इंग्रज अधिकारी मेजर कीथ यांनी देवळाची डागडुजी केली आणि 1886 मध्ये किल्ला ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांना परत मिळाला.

इंग्रजांच्या ताब्यातली वर्षं 28, देवळाचं वय साधारण 1200. हे सगळं वय एका वर्षात बसवलं, तर गोऱ्यांचा मुक्काम भरतो जेमतेम साडेआठ दिवस. एखादा पाहुणा सुट्टीत येऊन जावा, तेवढाच!

पण या किल्ल्यावरचा सर्वांत मोठा आकडा दिसायला सर्वांत लहान आहे. चढणीच्या वाटेवर एकाच खडकात कोरलेलं चिमुकलं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथला शिलालेख विक्रम संवत 933 चा, म्हणजे इ.स. 876 चा. त्यात देवाला दिलेल्या जमिनीचं माप आहे: 270 हात लांब, 187 हात रुंद. जमीन कशासाठी? फुलबागेसाठी! शिवाय देवाला रोज 50 हार. या 270 आणि 50 मधली शून्यं शेजारच्या अंकांहूनही लहान, नुसती वर्तुळं आहेत. दशमान पद्धतीतल्या शून्याच्या भारतातल्या सर्वांत जुन्या निःसंशय खुणांमध्ये त्यांची गणना होते.

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे अंदाजे दीड फूट. त्या हिशेबाने बाग 405 फूट लांब आणि 280 फूट रुंद, म्हणजे अडीच एकरांहून थोडी जास्त. त्यात कबड्डीची 80 मैदानं मावतील. रोज 50 हार म्हणजे वर्षाला 18,250. नेम हजार वर्षं चालला असता, तर 1 कोटी 82 लाख 50 हजार.

आता त्या दगडावरची दोन्ही वर्तुळं मनातल्या मनात पुसून पाहा. 270 चे 27 होतात, बागेच्या दहा हिश्श्यांपैकी नऊ गायब होतात आणि देवाला रोज पाचच हार मिळतात. वरच्या तेली मंदिराचा गाभारा आज रिकामाच आहे. ना देव, ना सोड्याच्या बाटल्या. रिकाम्या जागेची किंमत मात्र खालच्या वाटेवर कुणीतरी अकराशे वर्षांपूर्वीच दगडात मांडून ठेवली आहे.