बाळाचं पहिलं वर्ष : दात येताना गारवा किती, कसा?

गेल्या आठवड्यात आपण वरच्या आहाराची सुरुवात पाहिली. साधारण त्याच सुमारास, म्हणजे सहाव्या महिन्याच्या आगेमागे, खालचे पुढचे दोन दात डोकावू लागतात. लाळेरं सतत भिजतं, हाती लागेल ते तोंडात जातं, रात्री कुरकुर सुरू होते. दात वर येताना हिरडी हुळहुळी होते आणि गारव्याने तिला थोडा वेळ बरं वाटतं. तेव्हा गार काहीतरी द्यावं हे बरोबरच. फक्त ते दगडासारखं गोठलेलं नको. तशी वस्तू ओठाला चिकटते, हिरडीला इजा करते. चघळायची रबरी कडीसुद्धा फ्रीजरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात ठेवावी.

मला सगळ्यांत पटलेला उपाय बिनखर्चाचा आहे. धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळावा, एका टोकाला गाठ मारावी आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. बाळ ती गाठ हिरड्यांनी चावत राहतं. दुसरं टोक मात्र आपल्या हातात हवं.

वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला गोठवलेला खाऊही चालतो, फक्त तो दगडासारखा कडक असताना नाही, जरा मऊ झाल्यावर. आईचं दूध बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये गोठवून त्यातला एक तुकडा जाळीच्या चोखणीत घालून द्यावा. दह्यात कुस्करलेलं केळं किंवा पिकल्या आंब्याचा गरही असाच गोठवता येतो. साखर घालायची नाही. मध तर वर्षापर्यंत बोटाला लावूनही चाटवू नये. त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो आणि गोठवल्याने ते जंतू मरत नाहीत. बर्फाचा मोकळा खडा, कच्च्या गाजराचा तुकडा आणि आपल्याकडे कौतुकाने हातात दिली जाणारी खारीक, तिन्ही घशात अडकू शकतात. बाळ चोखत असताना ते बसलेलं असावं आणि मोठ्या माणसाने समोरून हलू नये.

हिरडी बधिर करणारी जेल कुणी सुचवली तरी आणू नका. त्यांतल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ती लावू नये, असं बजावलं.

आता सर्वांत महत्त्वाचं. ‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि त्यापायी उपचाराला उशीर होतो. दातांमुळे अंग किंचित कोमट लागेल, पण १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पातळ जुलाब, उलट्या यांचं कारण दात नव्हे. अशा वेळी अंगावर पाजणं थांबवू नका, जुलाब असतील तर ओआरएस सुरू करा आणि बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.