पाण्यात टिकणारं रेशीम

काचेच्या पेटीत आडवी लावलेली सिरिंज. समोर वीतभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलेला ड्रम फिरतोय. पुण्यातल्या पाषाणच्या या प्रयोगशाळेत मी पेटीला नाक लावून उभा आहे. "काका, आता दार उघडायचं नाही हं," म्हणत संशोधक मुलगी व्होल्टेज वाढवते. दहा, बारा, पंधरा हजार. सुईच्या टोकाशी लोंबणारा थेंब ताणला जातो, निमुळता होतो. त्यातून सुटणारा तंतू मात्र डोळ्यांना दिसत नाही. केसापेक्षा शंभरपटीहून बारीक तो. थोड्या वेळाने फॉइलवर साय धरावी तसा पांढुरका थर दिसू लागतो.

सिरिंजमध्ये रेशीम आहे. मराठवाड्यातले शेतकरी जालन्याच्या बाजारात विकतात तसलेच कोष. सोड्याच्या पाण्यात उकळून वरचा चिकट थर, सेरिसिन, काढलेला, उरलेलं फायब्रॉइन हे प्रथिन लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवून, क्षार काढून, वाळवून फॉर्मिक आम्लात घेतलेलं. इथे जवळच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, याच प्रथिनावर काम झालं आणि त्यातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली.

फॉइलवरचा थर म्हणजे या तंतूंची जाळी, जखमेवर ठेवायची. शरीरातल्या पेशीही अशाच तंतूंच्या जाळ्यात राहतात. म्हणून जखमेतल्या नव्या पेशींना या जाळीवर धरायला जागा मिळते.

पण जखम ओली असते. मुलगी या जाळीचे दोन तुकडे पाण्यात सोडते. पहिला कडेने आक्रसतो, पारदर्शक होतो, चिमट्याने उचलायला जावं तर नुसता बुळबुळीत लगदा. दुसरा मिथेनॉलच्या वाफेत ठेवलेला होता. वाफेने रेणू एकमेकांना घट्ट बिलगून थरांत बसतात, पाण्याला मध्ये शिरता येत नाही. तो चिमट्याला ओला लोंबतोय, अख्खा. मधुमेही माणसाच्या पायाची पाझरती, महिनोन्महिने न भरणारी जखम ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना या अख्ख्या तुकड्याचं मोल सांगावं लागत नाही.

"किती दिवस टिकायला हवं?" मी विचारतो.

"कातडी भरेपर्यंत. त्यापुढे टिकलं तरी अडचणच." ती तुकडे क्षारद्रावणाच्या डब्यांत घालून ३७ अंशांवर ठेवते. ठरल्या दिवशी एकेक काढून वाळवायचा, वजन करायचं, किती झिजला ते पाहायचं. मग पेशींवर चाचणी, मग प्राण्यांवर. माणसाच्या जखमेपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं आहेत.