जीर्ण कीं शीर्ण?

संस्कृतांत 'जीर्ण' आणि 'शीर्ण' असे दोन शब्द आहेत. कानाला ते जुळ्या भावांसारखे वाटतात. परंतु त्यांचे धातु निराळे आणि अर्थही निराळे. जीर्ण म्हणजे वयानें जुनें झालेलें. शीर्ण म्हणजे मोडून गेलेलें. देऊळ जीर्ण झालें तर आपण त्याचा जीर्णोद्धार करतों. घरांतील वस्तूंच्या बाबतींत मात्र हा भेद आपण विसरूं लागलों आहोंत, असें आम्हांस वाटतें. ह्याचें रोजचें उदाहरण म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवरील सपाट पडद्याचा दूरदर्शन-संच होय.

आमच्या घरीं असा ३२ इंची संच २००९ सालच्या दिवाळींत आला. कुटुंब नऊ माणसांचें आणि पडदा एकच. त्यामुळें थोडें भांडण, थोडी तडजोड आणि पुष्कळशी थट्टा हा नित्यक्रम झाला. २०१८ च्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं पडदा एकाएकीं काळा पडला. आवाज मात्र पूर्ववत् ऐकूं येत होता. अधिकृत दुरुस्ती-केंद्राकडे चौकशी केली, तों "इतक्या जुन्या संचाचे सुटे भाग येत नाहींत, नवाच घ्या," असें उत्तर मिळालें. घरांत दोन पक्ष पडले. पुतण्या म्हणाला, "काका, आतां मोठा संच घेऊंच." आमच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, आवाज येतो आहे तोंवर त्याला मेला म्हणूं नका."

वहिनींचें म्हणणें शास्त्रशुद्ध ठरलें. जवळच्या एका कारागिरानें खोलींत अंधार केला आणि काळ्या पडद्यावर विजेरीचा झोत धरला. त्या उजेडांत अंधुक चित्र हलतांना दिसलें! एलसीडी पडदा स्वतः प्रकाशत नाहीं. तो रंगीत काचांच्या खिडकीसारखा असून उजेड पाठीमागून यावा लागतो. जुन्या संचांत हा उजेड पारा असलेल्या बारीक नळ्या देत. पुढील संचांत त्यांची जागा एलईडीच्या पट्ट्यांनीं घेतली. विजेरीनें चित्र दिसलें, म्हणजे खिडकी शाबूत, केवळ मागचा दिवा विझलेला. आमच्या संचांत त्या दिव्यांस वीज पुरविणाऱ्या पट्टीवरील दोन कपॅसिटर माथ्यावर फुगले होते. त्यांच्या आंत ओला द्राव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें तो आटतो. ते दोन बदलतांच चित्र परत आलें. त्यांची किंमत नव्या संचापुढें अगदींच नगण्य होती.

जुनेपणाचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. इंटरनेटशीं जोडलेल्या 'स्मार्ट' संचांत पडदा आणि बुद्धि एकाच पेटींत असतात; पैकीं बुद्धि आधीं म्हातारी होते. नेटफ्लिक्सनें २०१९ च्या डिसेंबरांत कांहीं जुन्या स्मार्ट संचांवरील आपली सेवा बंद केली, तेव्हां त्या संचांच्या काचेला तडाही गेलेला नव्हता. ह्यावर उपाय सोपा आहे. संचाच्या पाठीमागें एचडीएमआयचें छिद्र असेल, तर बाहेरून लहानशी पेटी अगर कांडी जोडावी आणि कालांतरानें तेवढीच बदलावी. मोठ्या शहरांत २०१२ पासून केबलला सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला, तेव्हांही पेटी नवी आली आणि पडदे जुनेच राहिले.

२८ मार्च २०२० पासून दूरदर्शननें १९८७ सालची 'रामायण' मालिका पुन्हां दाखविली. टाळेबंदीमुळें सारें कुटुंब घरांतच होतें. जुनें चित्र चौकोनी आणि पडदा रुंद, म्हणून दोन्ही बाजूंस काळे पट्टे दिसत. नातवानें चित्र ताणून पडदा भरला, तेव्हां वहिनींनीं विचारलें, "वनवासांत प्रभु रामचंद्र इतके स्थूल कसे झाले?" सर्वजण हंसले आणि पट्टे परत आले. प्रत्येकाच्या हातीं स्वतःचा भ्रमणध्वनि असतां नऊ माणसांनीं एकाच वेळीं एकाच विनोदाला हंसावें, हा लाभ ह्या जुन्या पडद्यानें आम्हांस दिला.

जुना संच वीज अधिक खातो, हा आक्षेप खरा आहे. आमच्या संचावर १२० वॅट असा आंकडा आहे. त्याच मापाचा नवा सुमारें ५० वॅट घेतो. रोज ३ तास धरले, तर महिन्याला ६ युनिटांहून थोडा अधिक फरक पडतो. तेवढ्या बचतींतून नव्या संचाची किंमत भरून येण्यास किती वर्षें लागतील, हा हिशेब गृहिणींनीं मुलांकडून करवून घ्यावा; त्रैराशिकाचा अभ्यासही होईल.

आयुष्य वाढविण्याचे नियम थोडेच आहेत. मागील उजेड पूर्ण चढवूं नये. संचामागें हवा खेळती ठेवावी. पडद्यावर पाणी न फवारतां मऊ, कोरड्या फडक्यानें पुसावा. विजा कडाडूं लागण्यापूर्वींच विजेची व केबलची अशा दोन्ही जोडण्या काढाव्या.

मात्र काचच फुटली असेल, तर तो संच शीर्ण झाला, असें समजून मोह सोडावा. पडदा बदलण्याचा खर्च बहुधा नव्या संचाच्या जवळ जातो. असा संच भंगारवाल्यास देऊं नये. नळ्या फुटल्या तर त्यांतील पारा, ज्यानें त्या फोडल्या त्याच्याच श्वासांत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दूरदर्शन-संचाचा समावेश आहे. तेव्हां तो नोंदणीकृत पुनर्चक्रण-केंद्राकडेच पोंचवावा.

सारांश, वस्तूचें वय विचारण्याआधीं तिचें मोडलें काय, तें विचारावें. पडदा काळा पडला, तर प्रथम विजेरी घ्यावी. दुकानाची वाट मागाहून आहेच.