दहा इंची चाकांवरचा ताबा

ज्या वाहनाने महाराष्ट्रातील नोकरदार गृहस्थाला बसच्या रांगेतून मोकळे केले, ज्याच्या पायफळीवर कधी गॅसची टाकी तर कधी शाळेत निघालेले मूल उभे राहिले, आणि ज्याच्या मागच्या आसनावर बसून दोन पिढ्यांच्या गृहिणी लग्नकार्याला व बाजारहाटाला गेल्या, त्या बजाज चेतकची गणना आता जुन्या वस्तूंत होऊ लागली आहे. अशा गाड्या जिन्याखालून आणि गोठ्यांतून बाहेर काढून त्या नव्याने बांधण्याचा एक छोटेखानी उद्योग पुण्यामुंबईच्या गॅरेजांतून अलीकडे चांगलाच मूळ धरून आहे. त्यांतील बहुसंख्य गाड्यांचे भाग्य रंग आणि निकेल यांपाशीच संपते. वळणावर ती कशी वागते, ब्रेक दाबला असता कोणीकडे ओढते आणि खड्डा आला म्हणजे सवाराचा हुकूम मानते की नाही, हे प्रश्न विचारणारे मालक थोडे, आणि त्यांची उत्तरे हाताने देऊ शकणारे कारागीर त्याहून थोडे. प्रस्तुत लेख त्या थोड्यांच्या कामाविषयी आहे.

चेतकचे कुळ इटलीतले. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या पाँतेदेरा येथील पिआज्जो कारखान्याने 1946 साली जी वेस्पा बाजारात आणली, तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानविद्येतला, हेलिकॉप्टरवर प्रयोग केलेला अभियंता होता. मोटारसायकलीविषयी त्याला प्रेम नव्हते. उघडी साखळी, कपड्यांवर उडणारे तेल आणि पंक्चर काढताना होणारी यातायात त्याला मान्य नव्हती. म्हणून त्याने नळ्यांच्या सांगाड्याऐवजी दाबून घडवलेल्या पत्र्यालाच भार वाहायला लावले, इंजिन मागच्या चाकाला लागून बसवले, आणि विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले. पिआज्जोच्या परवान्याखाली बजाज ऑटोने 1960 नंतर ही गाडी भारतात बनवली. तो करार 1971 मध्ये संपला, आणि पुढच्याच वर्षी वेस्पा स्प्रिंटच्या धर्तीवरची, राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण केलेली चेतक पुण्याजवळच्या आकुर्डीहून बाहेर पडू लागली. 57 मिलिमीटर व्यासाचा आणि तितक्याच धावेचा एकच सिलिंडर, 145.45 घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत फिरणारे चार गिअर आणि 3.50-10 मापाचे टायर, एवढ्या भांडवलावर तिने इतकी मागणी मिळवली, की पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहणे हा सामान्य गृहस्थाच्या आयुष्यातला एक मान्य अध्याय होऊन बसला. तिचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. 2020 मध्ये ते नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले, पण तो वेगळा विषय आहे.

या वंशपरंपरेबरोबर काही जन्मजात स्वभावही आले, आणि गाडीवर हात टाकण्यापूर्वी ते ओळखावे लागतात. इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे तोल किंचित त्याच बाजूला झुकतो. जुना सवार ते नकळत सांभाळतो, नव्याला मात्र पहिल्या दिवशी गाडी वाकडी भासते. चाके लहान असल्याने ती चपळ वळतात, परंतु मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते त्यात हे चाक उतरते. पुढच्या चाकाचा आस एका आखूड कडीच्या मागच्या टोकाशी असतो. ब्रेक लावताच ड्रमचा पीळ त्या कडीला वरच्या दिशेने फिरवू पाहतो, आणि गाडी नाक खाली घालते. शिवाय अनेक गाड्यांवर शेपटीशी उभी जोडलेली स्टेपनी मागच्या आसाच्याही मागे वजन टाकून पुढचे चाक हलके करते. हे सारे स्वभावदोष खरे. पण याच रचनेच्या गाड्यांवर माणसांनी घाट चढले आणि उतरले आहेत. वस्तुतः आज एखादी चेतक वळणावर पोहते, अशी तक्रार येते तेव्हा तिच्यातला बहुतांश दोष जन्माचा नसून वयाचा असतो: पाच-सहा सांध्यांत प्रत्येकी केसभर शिरलेला ढिलेपणा एकत्र येऊन हँडलवर बोटभर होतो. जाणता कारागीर म्हणूनच नवीन काही जोडण्यापूर्वी हा हिशेब फेडून घेतो, आणि त्याच्या विद्येचा मोठा हिस्सा या फेडण्यातच आहे.

पहिली तपासणी पत्र्याची. या गाडीला वेगळी चासी नाही, अंग हीच चासी. सबब पायफळीच्या रबरी पट्ट्यांखाली वर्षानुवर्षे साचलेल्या पाण्याने जर पत्रा खाल्ला असेल, तर पुढचे आणि मागचे चाक यांना जोडणारा दुवाच कच्चा झाला असे समजावे. रंगारी तेथे लांबी भरून गुळगुळीत पाठ तयार करतो आणि मालक संतुष्ट होतो; पण लांबीला ताण सोसत नाही. रंग पूर्ण उतरवून, गंजका भाग कापून, नवा पत्रा वेल्ड केल्यावाचून पुढे जाऊ नये. वेल्डिंग करतेवेळी अंग सरळ धरून ठेवण्याची तजवीज हवी, नाही तर उष्णतेने ते पिळवटते. त्यानंतर दोन्ही चाके चढवून एक ताणलेली दोरी त्यांच्या कडेने धरतात. पूर्वी कधी अपघात झालेला असेल तर पुढचा फोर्क किती वाकला आहे, ही साक्ष ती दोरी कोणाची भीड न धरता देते.

दुसरी तपासणी कोनसेटची, म्हणजे हँडल ज्या छर्ऱ्यांवर फिरते त्या जोडणीची, आणि ती पाहण्याजोगी असते. पायफळीखाली लाकडी ठोकळा देऊन कारागीर पुढचे चाक अधांतरी करतो आणि दोन बोटांनी हँडल अगदी सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे नेतो. निरोगी गाडीत ते मध्यापासून सुटताच आपल्या वजनाने एका बाजूला जाऊन पडते. झिजलेल्या गाडीत ते नेमके मध्यावर, सरळ रेषेत, खट्कन बसते. कारण हजारो मैल सरळ जाताना पुढच्या चाकाचे धक्के छर्ऱ्यांनी रेसच्या त्याच त्याच जागी सोसलेले असतात आणि तेथे बारीक खळगे पडलेले असतात. अशी गाडी सरळ रस्त्यावरही सारखी डावी-उजवी चुकत जाते, कारण सूक्ष्म दुरुस्ती करू पाहणारा हात प्रत्येक वेळी त्या खळग्यातून बाहेर पडून मग पुढे जातो. कोनसेट उघडला म्हणजे गाडीचा पूर्वेतिहासही दिसतो: वरच्या नटाच्या खाचांवर छन्नीचे घाव असले, तर योग्य पान्याऐवजी छन्नी-हातोडीने काम भागवणारा कोणी आधी येऊन गेला, हे उघड होते. दोन्ही रेस आणि सर्व छर्रे नवे घालावे, ग्रीस भरपूर द्यावे, नट घट्ट बसवून मग थोडा सोडावा, आणि फट राहिली नाही व अडखळही राहिली नाही अशी जागा हाताला लागेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. ही जागा पुस्तकातल्या आकड्याने सापडत नाही. कारागिराची इभ्रत ठरते ती अशा ठिकाणी.

त्याखालोखाल पुढच्या कडीची पिन. तिला वेळेवर ग्रीस मिळाले नाही तर तिच्या भोवतीचे सुईसारखे रोलर गंजतात; चाक वर-खाली धरून हलवले असता टक्-टक् असा आवाज येतो, आणि ब्रेक लावताना गाडी नाक खाली घालण्याबरोबर तिरकीही होते. पिन आणि रोलर बदलणे हे किचकट पण निश्चित फळ देणारे काम आहे.

मागच्या बाजूला खरा अपराधी बहुधा लपलेला असतो. चेतकचे इंजिन, गिअर आणि मागचे चाक हा एकच अखंड पिंड असून तो पुढच्या टोकाला एका लांब बोल्टवर, रबरी सायलेंटब्लॉकच्या आधाराने, झुलत असतो. हे रबर इंजिनाची थरथर गिळते. परंतु तेलाने आणि काळाने ते फुगले वा फाटले, की संपूर्ण मागचा पिंड अंगाच्या संदर्भात आडवा हलू लागतो. सवार हँडलने एक वळण मागतो आणि मागचे चाक स्वतःच्या मर्जीचे दुसरेच वळण घेते. गाडी स्टँडवर उभी करून मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे ढकलले, की हा दोष पाच मिनिटांत कळतो. तरीही पुष्कळ मालक नवे टायर, नवे शॉकअप घेऊन खर्च करून बसतात आणि सायलेंटब्लॉककडे कोणी पाहत नाही, कारण इंजिन उतरवल्यावाचून तो काढता येत नाही. जुना सायलेंटब्लॉक लांब बोल्ट, नट आणि योग्य मापाच्या नळीच्या तुकड्याने हळूहळू खेचून काढायचा असतो. तो ठोकून काढणाऱ्या माणसाकडून ॲल्युमिनियमच्या केसिंगला तडा जाण्याची पुरेपूर शक्यता असते.

एवढे झाल्यावर, आणि एवढे झाल्यावरच, सुधारणेची भाषा करावी. तिची सुरुवात टायरपासून होते. मूळचे 3.50-10 टायर अरुंद आणि उभ्या अंगाचे. आजच्या अनेक ऑटोमॅटिक स्कूटरना लागणारे, जवळपास त्याच मापाचे 90/100-10 टायर कोणत्याही दुकानात मिळतात. याहून रुंद टायरचा मोह धरला तर तो मागे इंजिनाच्या कवचाला घासतो आहे काय, हे चाक हाताने फिरवून पाहिलेच पाहिजे. रिम दोन फाळ्यांची असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या फाळ्यांचे नट सोडणे म्हणजे जिवावरचा खेळ आहे. हवेचा दाब ही तर बिनखर्चाची सुधारणा: पुढे 18 पौंडांच्या आसपास, मागे एकट्या सवाराला साधारण 25 आणि दोघांना 35च्या सुमारास. पेट्रोल पंपावरचा मुलगा दोन्ही चाकांत सरसकट सारखीच हवा भरतो, तेव्हा पुढचे चाक दगडासारखे होऊन प्रत्येक खडीवर उडते आणि दोष मात्र गाडीला लागतो.

शॉकअपच्या बाबतीत प्रमाणबुद्धी लागते. मागे भारी, कडक, कमी-जास्त करता येणारा शॉकअप बसवून पुढे जुनीच थकलेली स्प्रिंग ठेवली, तर गाडी ब्रेकमध्ये पूर्वीपेक्षा अधिक वाकते. पुढचा आणि मागचा असे दोन्ही एका विचाराने निवडावे, आणि कडकपणापेक्षा उसळी जिरवण्याच्या गुणाकडे, म्हणजे डॅम्परकडे, अधिक लक्ष द्यावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर फार कडक स्प्रिंग चाकाला जमिनीपासून अलग करते आणि अलग झालेल्या चाकाला वळण घेता येत नाही. गाडी खाली बसवून दिमाखदार करण्याची फॅशनही येथेच निकामी ठरते: वळणात वाकली की स्टँड आणि पायफळी रस्त्याला टेकतात. उलट वजनाची फेरमांडणी करायला फारसे पैसे लागत नाहीत. शेपटीवरची स्टेपनी आणि चारी बाजूंचे लोखंडी गार्ड काढले, तर गाडीला एकदम मोकळा श्वास मिळतो, आणि स्टेपनी नेणे आवश्यकच असेल, तर ती पुढे, पायांच्या जवळ घ्यावी. ब्रेकसाठी चांगल्या प्रतीचे लायनर आणि गोल घासून घेतलेले ड्रम हा पहिला उपाय. पुढे डिस्कचा फोर्क बसवणारेही आहेत, पण तेथे कडीचा कोन आणि लांबी मूळ गाडीशी जुळते की नाही हे न पाहणाऱ्याने तो उद्योग करू नये.

सुटे भाग मिळवणे हाही या कामाचा अर्धा व्यासंग आहे. पुण्यात नाना पेठेतील दुकानांच्या फडताळांतून आणि जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी पसरलेल्या ताडपत्र्यांवरून चेतकचे अवयव अद्यापि मिळतात. मात्र नवीकोरी दिसणारी रेस मऊ पोलादाची असू शकते, आणि जुन्या गाडीतून काढलेली अस्सल रेस तिच्याहून सरस ठरते. फरक कळायला नखाने, कानसेने आणि अनुभवाने पाहावे लागते. सरकारदरबारी देखील काही दस्तूर आहेत: मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार नोंदणीच्या दाखल्यात नमूद तपशिलाहून गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यास मुभा नाही, आणि पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी व पर्यावरण कर यांचा सोपस्कार आहेच. झीज भरून काढणाऱ्याला या कलमाची धास्ती नाही. वेगळ्या जातीचे इंजिन घुसवणाऱ्याने मात्र आधी आरटीओची पायरी चढावी.

गाडी तयार झाली की तिची परीक्षा कात्रजच्या जुन्या घाटात घ्यावी, असा अनेक पुणेरी कारागिरांचा शिरस्ता आहे, आणि त्याला कारण आहे. तेथे चढ, उतार, उजवे-डावे वळण आणि ओबडधोबड डांबर थोड्या अंतरात भेटतात, आणि वेग ताशी चाळीसच्या पुढे नेण्याची गरज पडत नाही. उताराला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून, वळणाआधीच ब्रेक संपवून, मग नजर वळणाच्या शेवटाकडे टाकली असता हँडलला काही करावे लागू नये. गाडी नजरेमागून आपसूक जावी. सरळ रस्त्यावर क्षणभर पकड सैल केली असता तिने थरथरू नये; इंजिनाच्या अंगाला किंचित कललेली राहिली तर तो तिचा जन्मस्वभाव मानावा. वळणात मुद्दाम बारीकसा खड्डा गाठला तर धक्का बसावा, परंतु दिशा बदलू नये. या परीक्षांपैकी एकीतही नापास झालेली गाडी पुन्हा ठोकळ्यावर चढते, आणि कारागीर पुन्हा कोनसेटपासून सुरुवात करतो. यासाठी मालकाने दिलेली मजुरी रंगाच्या बिलाइतकी दिसत नाही, शेजाऱ्यांना ती दाखवताही येत नाही. म्हणूनच या कामाला गिऱ्हाईक कमी. पण ज्याने ती दिली तो पुढच्या वेळी गाडी विकायला काढताना किंमत सांगत नाही, चावी पुढे करतो आणि म्हणतो, "घाटातून एक फेरी मारून या, मग बोलू."