दोन माद्या, एक पिंजरा

भंडारा जिल्ह्यात 'ससा' या एकाच शब्दाने आपण दोन वेगळे प्राणी ओळखतो. धानाच्या बांधावरून उड्या मारत पळणारा तो रानससा, म्हणजे काळ्या मानेचा ससा. तो बीळ खणत नाही, गवतातल्या खळग्यात एकटा बसतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. (वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. त्याला पकडून पाळता येत नाही.) शाळेत किंवा घरी पाळला जातो तो मूळचा युरोपातला, बिळे खणून गटाने राहणारा ससा. त्याची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात.

पाळीव सशाला सोबत हवी असते ती यामुळेच. म्हणून पहिल्या मादीसाठी दुसरी मादी आणली जाते. पिले नकोत, तेव्हा दोन्ही माद्याच बऱ्या, आणि माद्या भांडणार नाहीत, असा हिशेब असतो. पण नवी मादी थेट पिंजऱ्यात सोडली, तर पुष्कळदा काही मिनिटांतच केसांचे पुंजके उडू लागतात. सशाची कातडी पातळ असते. चाव्याने ती सहज फाटते. असे का होते?

हद्द आणि वास

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रोमन मिकिटोविच यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत सशांच्या गटांचा अभ्यास केला. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. वस्तूंवर हनुवटी घासून ससा आपल्या हद्दीच्या खुणा करतो. मूत्र आणि लेंड्यांचाही तसाच उपयोग होतो. गटाच्या ओळखीत वासाचे महत्त्व किती? पिलाला परक्या सशांचा वास लावला, तर खुद्द आईही त्याच्यावर धावून जाते, असे त्यांना आढळले.

गटात राहणे म्हणजे भांडण नसणे नव्हे. जंगली गटात चांगल्या बिळासाठी माद्यांमध्येच चुरस असते, कारण पिलांची सुरक्षितता बिळावर अवलंबून असते. आपला पिंजरा हे पहिल्या मादीच्या दृष्टीने तिचे बीळच आहे.

हद्दीचा प्रश्न किती गंभीर असतो, हे भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातही दिसले. तेथे मे २०२३ मध्ये दोन वाघिणी बाहेरून आणून सोडल्या गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये सोडलेली तिसरी वाघीण जूनमध्ये मृतावस्थेत सापडली. दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती मेली असावी, असा प्राथमिक निष्कर्ष होता. वाघ एकटा राहणारा, तर पाळीव ससा गटात राहणारा. त्यामुळे सशांच्या बाबतीत ओळख करून देणे शक्य असते. मात्र ती क्रमाने करावी लागते.

ओळखीच्या पायऱ्या

आधी दोन्ही माद्याच आहेत ना, याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी. लहान वयात नर-मादी ओळखण्यात चूक होते आणि सशाचा गर्भकाळ जेमतेम एक महिन्याचा असतो! शक्य असल्यास अनुभवी पशुवैद्यकाकडून दोघींची नसबंदी करून घ्यावी. त्यामुळे आक्रमकता कमी होते आणि उतारवयात माद्यांना होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो.

नवी मादी पहिले दोन आठवडे वेगळ्या जागी ठेवावी, म्हणजे रोग असल्यास लक्षात येतो. मग दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, पण जाळीतून चावता येणार नाही इतके अंतर राखून. रोज एकीखालचे थोडे तणस दुसरीच्या पिंजऱ्यात टाकावे. परका वास असा हळूहळू ओळखीचा होतो.

दोघी एकमेकींकडे पाहून शांतपणे खाऊ लागल्या, की भेट घडवावी. जागा दोघींनाही नवी असावी, उदाहरणार्थ वर्गाचा मोकळा कोपरा. खाणे-पाणी दोन ठिकाणी ठेवावे. भेट दहा-पंधरा मिनिटांचीच असावी. थोडा पाठलाग आणि पाठीवर चढणे चालते. त्यातून वरचढ कोण, हे ठरते. पण कान मागे पाडून, शेपटी ताठ करून एकमेकींभोवती गरगर फिरू लागल्या, तर लगेच वेगळे करावे. मध्ये हात घालू नये, जाड गोणपाट वापरावे.

एकमेकींना चाटणे आणि अंगाला अंग लावून पडणे, ही जुळल्याची खूण. यास काही दिवस लागतात, कधी अनेक आठवडे. त्यानंतरच स्वच्छ धुतलेल्या पिंजऱ्यात दोघींना एकत्र ठेवावे. पुढे एकीला दवाखान्यात न्यायचे झाल्यास दुसरीलाही न्यावे. नाहीतर परतलेलीचा वास परका वाटतो.

हे सारे हिवाळ्यात करावे. सशाला घाम येत नाही. तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो. आपल्याकडच्या मे महिन्यात भांडणाचा ताण जिवावर बेतू शकतो. कोणत्याही ऋतूत अर्धा दिवस ससा काही खात नसेल, तर लगेच पशुवैद्यकाला दाखवावे.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे निरीक्षण करून तक्ता भरायला सांगावे: हनुवटी किती वेळा घासली, पाठलाग कोणी केला, चाटले कोणी, दोघींत अंतर किती होते? तीन-चार आठवड्यांचे आकडे आलेखावर मांडले, की ओळख कशी घडते ते दिसेल. आलेखात भांडणे कमी होतच नसतील, तर दोघींना शेजारच्या वेगवेगळ्या पिंजऱ्यांत राहू द्यावे. तेही निरीक्षणातून निघालेले उत्तरच आहे.