गणवेश उतरल्यानंतर

नवरा निवृत्त झाला की घरात काय होते, हे आपणा बायकांना सांगायला नको. दिवसातून चारदा चहा, पेपरवरून वाद आणि स्वयंपाकघरात लुडबूड! पण भारतीय नौदलाचे प्रमुख असलेल्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतरची वर्षे निराळ्याच कामात घालवली. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १९३३ साली मुंबईत, माटुंग्याला झाला. १९५३ मध्ये ते नौदलात अधिकारी झाले. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानची समुद्रातून कोंडी झाली, तेव्हा ‘बियास’ ही युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. नोव्हेंबर १९९० मध्ये ते नौदलप्रमुख झाले.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ मध्ये, डॉक्टरकी सोडून इतर शाखांतही नौदलाने प्रथमच मुलींना अधिकारी म्हणून घेतले. कायम नेमणुकीसाठी मात्र त्यांना मार्च २०२० मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागली. नंदुरबार-शहाद्याला समुद्र नसला म्हणून काय झाले? उद्या लेक म्हणाली, “नौदलात जाते,” तर “ते काय मुलींचे काम?” असे म्हणू नका बरं!

१९९३ मध्ये रामदास निवृत्त झाले आणि अलिबागजवळच्या खेड्यात राहू लागले. पत्नी ललिताबाई या पहिल्या भारतीय नौदलप्रमुखांच्या, ॲडमिरल कटारींच्या कन्या. पण ‘साहेबांच्या मिसेस’ एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. शिक्षणाचे, समाजाचे त्यांचे स्वतःचे काम होते. युद्ध लढलेले रामदास आता भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी झटू लागले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रेहमान यांच्यासोबत मिळाला.

मग आले राजकारण. आम आदमी पक्षाने त्यांना अंतर्गत लोकपाल नेमले. म्हणजे घरातल्या तक्रारी घरातच ऐकणारा वडीलधारा! अक्कलकुवा-धडगावच्या बुडित गावांसाठी लढलेल्या मेधाताई पाटकरही याच पक्षातर्फे २०१४ ची लोकसभा मुंबईतून लढल्या आणि हरल्या. २०१५ मध्ये पक्षात दोन तट पडले. नेत्यांमध्ये संवाद उरलेला नाही, असे रामदासांनी पत्र लिहून स्पष्ट कळवले. मार्चमधल्या बैठकीला येऊ नका, असा त्यांना निरोप गेला आणि लगेच दुसरे लोकपाल नेमले गेले. त्याच दिवसांत मेधाताईंनीही पक्ष सोडला.

वडीलधाऱ्याला न्याय करायला बसवायचे आणि तो खरे बोलला की उठवायचे, हे आपण घरोघरी पाहतोच ना? तरीही कुणीतरी खरे बोलावेच लागते.

मार्च २०२४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, रामदास गेले. मैत्रिणींनो, यजमानांच्या निवृत्तीला दोन-चार वर्षे उरली असतील तर फंडाच्या हिशेबाबरोबर एवढे जरूर विचारा, “त्यानंतर कोणते काम हाती घ्यायचे ठरवले आहे?” आणि हाच प्रश्न एकदा स्वतःलाही विचारा.