कुलूप लावून नशा सुटत नाही

आम्ही तिघांनी केलेला एक ‘इलाज’ आधी सांगतो. विंगमधला एक जण गुडघा दुखावल्यापासून ट्रामाडोलच्या गोळ्यांत अडकला होता. (त्याला विचारूनच लिहितोय.) “मनावर घे की बे जरा!” असं म्हणत, सगळे गड्ड्याच्या जत्रेत असताना आम्ही त्याला रूममध्ये ठेवून बाहेरून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, मग जुलाब, हाडं ठणकणं, झोप नाही. आम्हाला वाटलं, नाटक करतोय. तिसऱ्या दिवशी कुलूप काढलं. चौथ्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू.

या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. गर्द, अफू किंवा अशा गोळ्या रोज घेतल्या की मेंदू त्या धरूनच आपलं काम जुळवून घेतो. पुरवठा तुटला की सगळं उलटं फिरतं. डॉक्टर औषधं देऊन ते सुसह्य करतात. पण टर्की संपली की खरे उपचार सुरू होतात, हे मला मुक्तांगणबद्दल वाचताना कळलं.

अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि 1986 साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला हे केंद्र काढलं. मुक्काम साधारण पाच आठवडे. योगासनं, गटात बसून बोलणं, समुपदेशन, घरच्यांशीही बोलणं, आणि घरी गेल्यावर पाठपुरावा. व्यसनातून बाहेर पडलेलेच कितीतरी जण तिथं काम करतात. त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत!

आणखी एक गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती. काही दिवस बंद ठेवलं की शरीराची सवय उतरते आणि मग जुनाच डोस जीव घेऊ शकतो. म्हणजे आमच्या कुलपानं तो मेलाही असता.

शेवटी मीच त्याच्या वडिलांना फोन केला. सहा महिने माझ्याशी बोलला नाही. एका केंद्रात राहून आला, घसरला, पुन्हा गेला. मधुमेहासारखं आहे हे, एकदा साखर वाढली म्हणून कोणी डॉक्टर सोडत नाही.

“पोलिसांत गेलं तर?” ही भीती आम्हालाही होती. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ नुसार, थोड्या प्रमाणातल्या प्रकरणात स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे. 14446 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

परवा त्याची अक्कलदाढ काढायची होती. दुखण्याची गोळी लिहायच्या आधीच त्यानं डेंटिस्टला सगळं सांगून टाकलं. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो.